जमिनीचा दावा आणि वकिलाविना पक्षकार

दिवाणी न्यायालयात स्वतःचा दावा स्वतः चालवण्याची मुभा प्रत्येक सज्ञान पक्षकाराला आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३ नुसार पक्षकार स्वतः हजर राहू शकतो, मान्य प्रतिनिधीमार्फत राहू शकतो किंवा वकिलामार्फत. वकीलपत्र नाही म्हणून कोणाचा दावा अडवून ठेवता येत नाही. अशा पक्षकाराला न्यायालयाच्या बोलीत ‘पार्टी इन पर्सन’ म्हणतात. रोजनाम्यात ‘वादी स्वतः हजर’ एवढीच नोंद होते. शेतजमीन, घरजागा आणि वडिलोपार्जित मिळकत यांच्या मालकीच्या वादांत असे पक्षकार हमखास भेटतात. वाद भावकीतला असतो, कागद वर्षानुवर्षे घरच्या पेटीत असतात आणि ‘सगळे कागद आपल्याच बाजूचे आहेत, मग वकील कशाला?’ असा हिशेब मनाशी पक्का झालेला असतो. असा पक्षकार हरतो तेव्हा बोलता न येणे हे कारण क्वचितच असते. मागणी चुकलेली असते, मुदत गेलेली असते किंवा कागद दाखल होऊनही शाबीत झालेला नसतो.

स्वतः उभे राहण्याचा हक्क फक्त स्वतःपुरता असतो. ही मर्यादा एकत्र कुटुंबाच्या दाव्यात पहिल्याच तारखेला आडवी येते. तीन भाऊ आणि दोन बहिणी वादी असतील, तर थोरल्याने सगळ्यांच्या वतीने युक्तिवाद करायचा असे घरात ठरते. न्यायालयात ते चालत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे दुसऱ्याची बाजू मांडण्याचा हक्क वकिलाचा. कलम ३२ खाली न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती इतरांना परवानगी देऊ शकते, पण ती परवानगी असते, हक्क नसतो. कुलमुखत्यारपत्र केले की सगळे जमते हा समज तर फार पसरलेला. कुलमुखत्यार अर्जावर सही करू शकतो, हजेरी देऊ शकतो, कागद दाखल करू शकतो. त्याला युक्तिवादाचा हक्क मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगितले आहे. साक्षीचेही तसेच आहे. मूळ पक्षकाराला जे स्वतःला ठाऊक आहे त्याबद्दल त्याच्याऐवजी मुखत्याराने पिंजऱ्यात उभे राहून सांगितलेले चालत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा निकाल आहे. पुण्यामुंबईत राहणारा किंवा परदेशी गेलेला भाऊ गावाकडच्या भावाला मुखत्यारपत्र देऊन मोकळा होतो आणि साक्षीची वेळ आली की स्वतःच गैरहजर असतो. तिथे दावा कच्चा पडतो.

वकील परवडत नाही हे स्वतः उभे राहण्याचे कारण असेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, आपत्तिग्रस्त अशा कित्येकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना राज्याने ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा लागू होते. अर्ज तालुका विधी सेवा समितीत करता येतो. वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मागणाऱ्या बहिणींपैकी फार थोड्या जणींना हे ठाऊक असते.

मालकीच्या वादातली सगळ्यात मोठी गफलत सातबाऱ्यापासून सुरू होते. ‘सातबारा माझ्या नावावर आहे’ हे वाक्य गावात मालकीचा शेवटचा शब्द मानले जाते. कायद्याच्या नजरेत गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. दोन्ही महसुली कागद आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अशी नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. तेवढा तिचा मान आहे, पण त्यापुढे तिची धाव नाही. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकापासून आजवर अनेक निकालांत सांगितले आहे. २०२१ सालीही ते पुन्हा सांगावे लागले. मालकी येते ती खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीने, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने. फेरफार ही त्या घटनेची नंतरची नोंद.

याचा दुहेरी परिणाम होतो. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो गाफील राहतो, आणि ज्याचे नाव नाही तो हक्कच गेला असे समजून बसतो. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे अनेकदा दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून हे नाव लागले आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे ती नोंदच सांगते की जमीन एकट्याची नाही. बहिणींची नावे कित्येक उताऱ्यांवर ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात. रकाना कोणताही असला तरी वारसा म्हणून मिळालेला हिस्सा त्याने कमी होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद ठरली, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री-वाटण्या त्या दुरुस्तीने उखडल्या जात नाहीत, आणि बहिणीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून उतारा हातात घेतल्यावर नावापेक्षा त्या नावापुढे गोलात लिहिलेला फेरफार क्रमांक पाहावा. त्या क्रमांकाचा गाव नमुना सहा काढला की नाव कशाच्या आधारे लागले ते कळते: खरेदीने, वारसाने, वाटणीच्या वर्दीने की नुसत्या अर्ज-जबाबावर. मालकीची साखळी अशीच एकेक फेरफार मागे जात जोडावी लागते.

फेरफारावर हरकत घेण्याची वाट महसूल खात्यातून जाते. नोंदीची नोटीस निघाल्यावर १५ दिवसांत हरकत घेतली, तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते आणि मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार सुनावणी घेतात. त्यावर प्रांताकडे ६० दिवसांत अपील, मग आणखी वर. या कचेऱ्यांत पक्षकाराने स्वतः बोलणे अगदी सरावाचे आहे आणि ते सहज जमतेही. धोका तिथेच आहे. माणूस प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त असे करत मंत्रालयापर्यंत पोचतो, आठ-दहा वर्षे जातात आणि शेवटी आदेशात एकच ओळ असते: मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात ठरवून घ्यावा. तोवर दिवाणी दाव्याची मुदत थांबलेली नसते. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने घालवलेला काळ वगळण्याची तरतूद मुदत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये आहे. पण फेरफाराचे अपील आणि मालकीचा दावा यांतली मागणीच वेगळी असल्याने तिचा आधार मिळेलच असे धरून चालणे धोक्याचे. फेरफाराचा वाद खुशाल लढावा. दिवाणी दाव्याची तारीख मात्र त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

दिवाणी न्यायालयात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, मागायचे काय? नुसती मनाई, मालकीची जाहीर घोषणा, कब्जा, की वाटप? वकिलाविना पक्षकार बहुतेक वेळा मनाई मागतो, कारण तिची गरज त्याला रोज जाणवते: शेजारी बांध कोरतो आहे, चुलतभाऊ नांगर घालू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात याची नीट फोड केली आहे. कब्जा वादीचा आहे, मालकीबद्दल खरा वाद नाही आणि प्रतिवादी नुसता आडवा येतो आहे, तर निरंतर मनाईचा दावा पुरे. मालकीवरच मळभ असेल, म्हणजे प्रतिवादीकडेही खरेदीखत असेल किंवा त्याचा वारसाहक्क वरवर तरी दिसत असेल, तर मालकी जाहीर करून मागितलीच पाहिजे. कब्जा गेलेला असेल तर कब्जाही मागितला पाहिजे. विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ मध्ये एक कडक अट आहे: पुढची दाद मागता येत असूनही जो ती मागत नाही त्याला नुसती घोषणा मिळत नाही. शेत प्रतिवादीच्या वहिवाटीत असताना ‘मी मालक आहे एवढे जाहीर करा’ म्हणणारा दावा या अटीवर फेटाळला जातो, वादी खरोखर मालक असला तरी.

दस्त कोणी लिहून दिला यावरही मागणी बदलते. वादीने स्वतः सही केलेले खरेदीखत फसवणुकीने झाले असेल तर ते रद्द करून मागावे लागते. भावाने परस्पर विकले असेल आणि वादीची त्यावर सही नसेल, तर तो दस्त आपल्या हिश्श्यापुरता बंधनकारक नाही अशी घोषणा पुरते. कब्जा नुकताच दांडगाईने गेला असेल तर विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाच्याच कलम ६ ची वाट जवळची: सहा महिन्यांच्या आत दावा केला, तर मालकीच्या खोलात न शिरता कब्जा परत मिळू शकतो. सरकारविरुद्ध ही वाट खुली नाही.

एकाच कारणावरून मागता येणारी दाद सोडून दिली तर ती पुन्हा दुसऱ्या दाव्यात मागता येत नाही, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर वादपत्रात दुरुस्ती सहज मिळत नाही. म्हणून बाकी सगळे काम स्वतः करायचे ठरले तरी वादपत्र तयार करण्यापुरता जाणत्या दिवाणी वकिलाचा सल्ला घ्यावा. मालकीच्या दाव्यात पैसे खर्च करण्याची सर्वांत योग्य जागा तीच.

मुदतीचा हिशेब मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुसूचीत आहे. नुसत्या घोषणेला तीन वर्षे, दस्त रद्द करायला तीन वर्षे. मालकीच्या जोरावर कब्जा मागायला बारा, आणि ती प्रतिवादीचा कब्जा प्रतिकूल झाला तेव्हापासून. घोषणा आणि कब्जा दोन्ही एकत्र मागितले असतील तर बारा वर्षांचीच मुदत लागते. मुदतीचा मुद्दा विरुद्ध पक्षाने काढला नाही तरी न्यायालयाला तो पाहावाच लागतो आणि मुदतबाह्य दावा फेटाळावा लागतो. ‘बारा वर्षे कसली की जमीन त्याची’ हा गावातला ठोकताळा मात्र अर्धवट आहे. प्रतिकूल कब्जा उघड आणि मूळ मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने मानला जातो. एक भाऊ तीस वर्षे एकटाच कसत होता एवढ्याने दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही.

वादपत्र लिहिताना वकिलाविना पक्षकाराचे मन कथेत रमते: आजोबांनी जमीन कशी घेतली, काकांनी कसे फसवले, पंचायतीत कोण काय म्हणाले. न्यायालयाला त्यातली मोजकीच वाक्ये लागतात. पहिले कलम मिळकतीच्या वर्णनाचे, आणि तेच सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेले असते. गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा, यांतली प्रत्येक गोष्ट दस्ताशी जुळली पाहिजे. इथे दोन अडचणी नेहमीच्या. १९५५ च्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर एकत्रीकरण योजनेनंतरचा गट नंबर. हे दोन्ही एकाच जमिनीचे आहेत हे वादीला दाखवावे लागते, आणि त्यासाठी जुने-नवे क्रमांक जुळवणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून काढावा लागतो. दुसरी अडचण क्षेत्राची. जुन्या दस्तात एकर-गुंठे, नव्या उताऱ्यात हेक्टर-आर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे साधारण ४०.४७ आर. दोन एकर दहा गुंठ्यांचे ९१ आर होतात; वादपत्रात सवयीने ९० लिहिले की विरुद्ध बाजूचा वकील त्या एका आरावर दहा प्रश्न विचारतो. वाद बांधाचा असेल तर सरकारी मोजणी करून हद्द कायम केल्याचा नकाशा आधीच हाती असावा. नसेल तर आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून मोजणी मागता येते.

तलाठी, तहसीलदार किंवा शासन यांना प्रतिवादी करायचे असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तातडी असेल तर तसा अर्ज देऊन न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कोर्ट फी महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ प्रमाणे मागणीच्या स्वरूपावर ठरते. मालमत्तेच्या वादात महिला वादींना राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने फीमाफी दिली आहे, आणि फी भरण्याची ऐपतच नसलेल्याला आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा दाखल करता येतो.

दाव्याबरोबर बहुधा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज जातो. त्यात न्यायालय तीन गोष्टी पाहते: प्रथमदर्शनी बाजू, सोयीचे पारडे कोणाकडे झुकते, आणि भरून न येणारे नुकसान होईल का. या अर्जावर हरणे म्हणजे दावा हरणे नाही, आणि जिंकणे म्हणजे दावा जिंकणेही नाही. चालू दाव्यातली मिळकत विकली जाण्याची भीती असेल, तर दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची, नोटीस नोंदवून ठेवावी.

मालकीच्या दाव्याचा कणा म्हणजे पुरावा, आणि ओझे वादीवर. वादीने आपल्या कागदांच्या बळावर जिंकायचे असते. प्रतिवादीचे कागद कच्चे आहेत एवढ्याने वादी मालक ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने वासवी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१४ साली हे ठासून सांगितले. वकिलाविना पक्षकार नेमका उलटा चालतो. त्याचे सगळे बळ विरुद्ध बाजू कशी खोटी आहे हे सांगण्यात जाते.

कागद ‘दाखल’ असणे आणि ‘शाबीत’ असणे यांत मोठे अंतर आहे. यादीसोबत दिलेला कागद न्यायालयाच्या फाइलीत पडून राहतो. साक्षीदाराने तो ओळखून मजकूर किंवा सही सिद्ध केली की त्याला निशाणी क्रमांक मिळतो, आणि निकालात वाचला जातो तो निशाणी मिळालेलाच कागद. दोनशे कागदांची फाइल देऊन त्यातल्या जेमतेम चार कागदांना निशाणी पडलेली, असे दृश्य दुर्मीळ नाही. सातबारा, फेरफार यांसारख्या सार्वजनिक अभिलेखाची प्रमाणित नक्कल चालते. संकेतस्थळावरून नुसता पाहण्यासाठी काढलेला छापा चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा घ्यावा. खाजगी दस्ताची मूळ प्रत हवी. ती हरवली असेल तर कशी हरवली ते आधी सांगावे लागते, मग नकलेची परवानगी. झेरॉक्स हा पुरावा नाही, हे शेवटच्या टप्प्यावर कळणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

मृत्युपत्रावर हक्क सांगायचा असेल तर साक्षीदार म्हणून सही केलेल्यांपैकी हयात असलेला एक तरी पिंजऱ्यात आणावा लागतो. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सही-हस्ताक्षराबद्दल न्यायालय अनुकूल गृहीतक धरू शकते. मृत्युपत्राला मात्र ही सवलत उपयोगी पडत नाही. ही तत्त्वे १८७२ च्या पुरावा कायद्यातली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती नव्या कलम क्रमांकांनी कायम आहेत.

स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेल्या कागदाचा गावात फार दरारा असतो. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे हस्तांतर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदणीशिवाय होत नाही, आणि न नोंदवलेला दस्त कलम ४९ नुसार मालकीचा पुरावा म्हणून वाचला जात नाही. नोटरीने सही करणारा माणूस पाहिला, एवढेच नोटरीच्या शिक्क्यातून कळते. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र या जोडीवर जमीन ‘घेतलेल्यांना’ सूरज लॅम्प प्रकरणाच्या २०११ च्या निकालाने जमिनीवर आणले: अशा कागदांनी मालकी जात नाही. वाटणीच्या बाबतीत थोडी सवड आहे. आधी तोंडी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून केलेली यादी नोंदणीशिवाय विचारात घेतली जाऊ शकते. त्या कागदानेच वाटणी होत असेल तर नोंदणी हवी. मुद्रांक कमी असला तर दस्त अडकवून ठेवला जातो आणि तूट व दंड भरल्यावरच पुराव्यात येतो.

सरतपास आता शपथपत्रावर होतो, त्यामुळे वादीची स्वतःची कहाणी कागदावर जाते. खरी कसोटी उलटतपासात. इथे वकील आणि वकिलाविना पक्षकार यांतला फरक उघडा पडतो. प्रतिवादी भाऊ पिंजऱ्यात आहे, १९९८ साली तोंडी वाटणी झाल्याचे सांगतो आहे, आणि वादी बहीण स्वतः उलटतपास घेते आहे असे समजा. तिच्या तोंडी येणारे स्वाभाविक वाक्य: ‘तू खोटं बोलतोस, वाटणी कधी झालीच नाही, साऱ्या गावाला माहीत आहे.’ हा युक्तिवाद झाला. त्यातून नोंदीत काहीच उतरत नाही, न्यायाधीश फक्त ‘प्रश्न विचारा’ म्हणतात. त्याऐवजी छोटे, एकेका गोष्टीचे प्रश्न असावेत. वाटणी झाली त्या दिवशी कोण कोण हजर होते? मला बोलावले होते का? वाटणीची वर्दी तलाठ्याला कोणी दिली? त्या वर्दीवर माझी सही दाखवा. फेरफाराची नोटीस मला मिळाल्याची पोच आहे का? पाच उत्तरांत वाटणीची गोष्ट आपोआप विरते. शेवटी आपली बाजू साक्षीदारासमोर ठेवायलाच हवी: ‘वाटणी झाली नव्हती आणि फेरफार माझ्या माघारी झाला, हे म्हणणे खरे आहे का?’ तो नाही म्हणणारच. पण विचारले नाही, तर साक्षीदाराचे त्या मुद्द्यावरचे म्हणणे वादीला मान्य होते असा अर्थ लावला जाऊ शकतो. उत्तर आधी ठाऊक नसलेला, ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळावा, कारण ‘का’ विचारले की साक्षीदाराला भाषण करायची मोकळीक मिळते.

न्यायाधीश वकिलाविना पक्षकाराला सांभाळून घेतात, आणि घ्यावेही. कामकाज कोणत्या टप्प्यावर आहे, पुढच्या तारखेला काय द्यायचे, हे ते सांगतात. काय लिहावे, कोणता साक्षीदार आणावा हे सांगू शकत नाहीत, कारण मग ते दुसऱ्या बाजूचे न्यायाधीश राहत नाहीत. भाषेची एक सोय महाराष्ट्रात आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, त्यामुळे वादपत्र, अर्ज, साक्ष, युक्तिवाद सगळे मराठीत करता येते. प्रत्येक तारखेनंतर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख आणि झालेला आदेश पाहावा. पुकाऱ्याला हजर नसल्याने दावा काढून टाकला गेला तर पुन्हा लावून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो.

प्रतिवादीला स्वतः उभे राहायचे असेल तर घड्याळ आणखी वेगाने फिरते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतरही उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटावे लागते. वादपत्रातले प्रत्येक कलम स्पष्टपणे नाकारायचे असते. जे नाकारले नाही ते कबूल धरले जाते.

उच्च न्यायालयात वातावरण वेगळे. तिथले कामकाज इंग्रजीत चालते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या नियमांनुसार स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्याला आधी अर्ज द्यावा लागतो. निबंधक कार्यालयातले अधिकारी त्याच्याशी बोलून तो न्यायालयाला नीट साहाय्य करू शकेल का ते पाहतात. नसेल तर विधी साहाय्याचा वकील सुचवला जातो. एकच वाद पुन्हा पुन्हा उकरून काढणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७१ चा त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा कायदाही आहे. तो लागू झाला की न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा दावा दाखल करता येत नाही.

तालुका न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील होते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. वस्तुस्थितीचा फेरविचार बहुतेक तिथेच संपतो, कारण उच्च न्यायालयातले दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच असते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. सही करण्यापूर्वी तडजोडीतला गट नंबर आणि क्षेत्र पुन्हा एकदा उताऱ्याशी ताडून पाहावे. वाटपाचा हुकूमनामा शेतजमिनीचा असेल तर प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कब्जाचा हुकूमनामा हाती आला तरी कब्जा आपोआप मिळत नाही. त्यासाठी दरखास्त दाखल करावी लागते, आणि तिची मुदत बारा वर्षांची आहे. निरंतर मनाईच्या हुकूमनाम्याला मात्र मुदतीचे बंधन नाही.